उजवी मूठ, डावी मूठ

मोटारसायकल घ्यायला निघालेला माणूस दुकानात काय काय पाहतो! टाकीचा रंग पाहतो, दिव्याचा आकार पाहतो, लिटरला किती किलोमीटर जाईल ते दहादा विचारतो. सोबत आलेले मेहुणे सीटवर बसून पाय जमिनीला टेकतात की नाही, याचा निकाल देतात. मुठींकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. हँडलच्या दोन टोकांना चढवलेल्या त्या चार-पाच इंची काळ्या रबरी नळ्या! पुढची आठ-दहा वर्षे गाडीशी आपली जी गाठ पडणार असते, ती त्यांच्यामार्फतच. गाडी वळते ती त्यांच्या जोरावर, वेग घेते तीही त्यांच्याच, आणि खड्डा आला की पहिला निरोप पोचतो तोही त्यांच्याकडून.

कुडवा हे गोंदिया शहराला खेटून असलेले गाव. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. इथल्या गाड्यांच्या पाट्यांवर ‘एमएच ३५’ दिसते. मुलूख धानाचा, भातगिरण्यांचा आणि विडीचा. अशा मुलखात मोटारसायकल नुसती हौसेची राहत नाही. तिच्यावर धानाचे पोते येते, दुधाच्या कॅन येतात, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलाकडे निघालेली दोन माणसे बसतात, आणि दहाच्या सुमारास कुणा गुरुजींना घेऊन तीच गाडी शाळेची वाट धरते. रोवणीच्या दिवसांत बांधीतून वर आलेला चिखलाचा हात थेट मुठीवर पडतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, की उन्हात उभ्या गाडीची काळी मूठ धरण्यापूर्वी तिच्यावर दुपट्टा टाकावा लागतो.

रबर बिचारे हे सगळे किती दिवस सोसणार? चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साह्याने रबराला टिकाऊपण आणण्याची रीत शोधली, म्हणून आज आपण रबर उन्हात वितळताना पाहत नाही. पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. ऊन, हवेतला ओझोन, तळहाताचा घाम, साखळीला तेल देऊन न पुसलेले बोट, ही सगळी मंडळी मिळून त्याला हळूहळू खातात. आधी वरची नक्षी झिजून मूठ गुळगुळीत होते. मग एक तर ती चिकट होते, किंवा कडक होऊन तिला बारीक भेगा पडतात. शेवटी एक दिवस ती नळीवर गोल गोल फिरू लागते. विदर्भातल्या बोलीत सांगायचे तर, आता रबर ‘बदलवाच’ लागते.

इथपर्यंत सगळे सोपे वाटते. साधी जोडी शे-दोनशे रुपयांत मिळते, रंगीबेरंगी ‘फॅन्सी’ जोड्या गाडीच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात टांगलेल्या असतात, आणि काम तर पाच मिनिटांचे. जुने काढायचे, नवे चढवायचे. ग्रिप बदलल्याने आरसी बुकातली एक ओळसुद्धा बदलत नाही. म्हणून घरोघरची पोरे रविवारी सकाळी अंगणातच हा उद्योग उरकतात. नेमकी इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दिसायला जुळ्या असल्या, तरी या दोन मुठी सारख्या नसतात.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलचा नळ बाहेरून सुमारे २२ मि.मी. जाड असतो. डावी मूठ थेट या नळावर बसते आणि तिने तिथून तसूभरही हलता कामा नये. उजवीकडे मात्र नळावर आधी प्लॅस्टिकची एक सैल नळी असते. तिच्या एका टोकाला केबल अडकवलेली असते आणि ती फिरवली की इंजिनला ‘रेस’ मिळते. उजवी मूठ बसते ती या फिरत्या नळीवर. म्हणून तिचे आतले भोक डावीपेक्षा तीनेक मि.मी. मोठे. एकीने जन्मभर स्थिर राहायचे, दुसरीने जन्मभर फिरून परत जागेवर यायचे. घाईत अदलाबदल झाली, तर डावी सैल होऊन हातात येते आणि उजवी चढता चढत नाही. चढलीच तर नळी आवळून धरते.

(स्कूटरच्या जमान्यात वाढलेल्यांना यात एक गंमत आठवेल. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकवर डावी मूठही फिरत असे, कारण गिअर तिच्यात होते. क्लच दाबून मनगट वळवायचे आणि पहिला, दुसरा करीत जायचे. बाबांच्या डाव्या हाताची ती मुरड पाहत कितीतरी मुले स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत गेली. फिरवून वेग वाढवणारी मूठ मात्र त्याहून बरीच जुनी. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच अमेरिकेतल्या इंडियन आणि कर्टिस यांच्या गाड्यांवर ती आली होती. त्याआधी स्वार बिचारा हँडलवरच्या नाहीतर टाकीजवळच्या दांड्या पुढेमागे करीत बसे.)

जुनी मूठ काढण्याचा राजमार्ग म्हणजे धारदार पात्याने तिला लांबीत चीर देणे. डावीकडे पाते नळापर्यंत गेले तरी फारसे बिघडत नाही; उजवीकडे तेच पाते प्लॅस्टिकच्या नळीला कापू शकते, म्हणून तिथे हात हलका हवा. जुनी मूठ शाबूत हवी असेल, तर पातळ पेचकस रबराखाली सरकवून त्या फटीत साबणाचे पाणी सोडतात आणि मूठ पिळत पिळत ओढतात. पंक्चरवाल्याकडचा हवेचा पाइप त्याहून बरा. फटीतून हवा सोडली की रबर क्षणभर फुगते आणि मूठ सापाच्या कातेसारखी सरकन निघून येते. प्रथमच पाहणाऱ्याला ही जादूच वाटते.

मग नळ साफ करायचा. खाली गंज असतो, जुन्या डिंकाचे पापुद्रे असतात, पावसाळ्यातली माती असते. पॉलिश पेपरने घासून, कोरड्या फडक्याने पुसून तो लख्ख करावा लागतो. हे काम कंटाळवाणे, म्हणूनच ते टाळले जाते. नवी मूठ महिन्याभरात फिरू लागली, तर दोष रबराला देऊन चालणार नाही. तो सहसा खालच्या मळाचा असतो.

चढवताना वंगण काय लावायचे, यावर प्रत्येक नाक्यावर वेगळे मत ऐकू येते. तेल किंवा ग्रीस मुळीच नको. त्याने मूठ झटकन चढते हे खरे, पण नंतर कधीच धरून राहत नाही, आणि तेल रबराला आतून फुगवून मऊ करते ते वेगळेच. साबणाचे पाणी चालते, मात्र ते सुकायला वेळ लागतो. रात्रभर गाडी उभी ठेवायची तयारी हवी. पेट्रोलचा फाया फिरवणारे पुष्कळ आहेत. ते लवकर उडून जाते, पण आसपास कुणी विडी शिलगावून बसलेला नाही ना, हे आधी पाहावे. गोंदियात तरी ही सूचना फालतू समजू नये! काही जण घरातल्या आरशापुढची हेअर-स्प्रेची बाटली पळवतात. ओला असताना तो निसरडा आणि सुकल्यावर चिकट, म्हणून युक्ती चांगलीच. घरच्या मालकिणीची परवानगी तेवढी घ्यावी.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मुठीसाठीच मिळणारा डिंक. होंडा कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकांत याची शिस्तशीर कृती दिलेली असते. मुठीच्या आत आणि नळावर डिंक लावा, तीन ते पाच मिनिटे थांबा, मूठ चढवून थोडी फिरवा म्हणजे डिंक सगळीकडे सारखा पसरेल, आणि नंतर तासभर गाडीला हात लावू नका. हा तासभर थांबणेच आपल्याला सर्वांत जड जाते. झटपट चिकटवणारा, थेंबाथेंबाने वापरायचा डिंक या कामाला, विशेषतः उजवीकडे, कदापि वापरू नये. त्याचा एक थेंब प्लॅस्टिकच्या नळीखाली ओघळला, की नळी आणि हँडल यांचे लग्न लागलेच म्हणून समजा.

ते लग्न लागले तर काय होते? उजवी मूठ सोडून दिल्यावर स्वतःहून मागे फिरली पाहिजे. केबलच्या दुसऱ्या टोकाला बसलेली स्प्रिंग तिला खेचत असते. पण त्या स्प्रिंगचा जोर अफाट नसतो. मूठ आतल्या बाजूला बटणांच्या डबीला घासली, किंवा बाहेरच्या बाजूला हँडलच्या टोकाच्या वजनाला टेकली, तरी तो जोर अपुरा पडतो आणि मूठ जिथल्या तिथे राहते. रेल्वे फाटक बंद होताना दिसते आहे, आपण हात सैल सोडला आहे, मागे बायको आणि तिच्या मांडीवर पोर आहे, आणि गाडी मात्र वेग सोडायला तयार नाही. असा प्रसंग आलाच, तर पहिल्यांदा क्लच दाबावा म्हणजे इंजिन चाकापासून सुटते, मग ब्रेक, आणि लाल बटण असल्यास ते, नाहीतर किल्ली बंद. हे चार शब्द घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला तोंडपाठ असायला हवेत. इंजिन किंचाळेल, त्याला घाबरू नये.

डावीची तऱ्हा निराळी. ती सैल असली, तर अडचण नेमकी खड्ड्यात येते. हाताला झटका बसतो, मूठ बाहेर सरकते, डावा हात हँडलवरून सुटतो आणि उजवा मात्र धरून असतो. एका बाजूने ओढ बसली की दुचाकी कुठे जाईल ते सांगायला नको. डोंगरवाटांवर शर्यती करणारे स्वार डिंकावर विसंबून राहत नाहीत. ते मुठीवर बारीक तार गुंडाळून, तिची टोके रबरात दाबून टाकतात.

म्हणून या पाच मिनिटांच्या कामातली खरी मिनिटे शेवटची दोन. दोन्ही बाजूंना मुठीच्या कडेला एखादा मि.मी. फट सुटली आहे ना, ते पाहायचे. इंजिन बंद ठेवून उजवी मूठ पूर्ण फिरवून सोडायची. ती ‘टक्’ आवाज करून परत आली पाहिजे. हीच परीक्षा हँडल पूर्ण डावीकडे वळवून, मग पूर्ण उजवीकडे वळवून करायची, कारण वळवल्यावर केबल ताणली जाते. फिरवायला सुरुवात केल्यावर पहिले २ ते ६ मि.मी. मूठ मोकळी फिरावी, त्यानंतर केबलची ओढ जाणवावी. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल दोन्हीकडे वळवायचे. इंजिनचा आवाज वाढला, तर केबलची वाट चुकली आहे. एवढे झाल्याखेरीज मिस्त्रीच्या हातावर पैसे ठेवू नयेत.

मूठ बदलायला येणाऱ्यांतले सगळेच काही झिजलेल्या रबरासाठी येत नाहीत. पुष्कळांच्या हाताला मुंग्या येतात आणि जाड, मऊ ग्रिप घातली की त्या थांबतील अशी आशा असते. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर हँडलमधून मनगटात येते हे खरेच. सतत थरथरणाऱ्या हत्यारांनी बोटे कशी बधिर आणि पांढरी पडतात, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कामगारांची तपासणी करून दाखवून दिले होते. आपली मोटारसायकल म्हणजे दगड फोडायचे यंत्र नव्हे, पण रोज पन्नास-साठ किलोमीटर करणाऱ्याने हे हसण्यावारी नेऊ नये. मऊ ग्रिपने बारीक थरथर थोडी कमी होते. त्याहून अधिक फरक पडतो तो मूठ सैल धरल्याने. जितकी घट्ट पकड, तितकी थरथर हातात जास्त उतरते. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर बहुधा तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार पडतो आहे. अंगठा आणि त्याशेजारची बोटे असतील तर मनगटातली शीर दबत असावी. आणि गाडी उभी करून, जेवून, झोपल्यावरही रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर वाट दुकानाची धरू नये, डॉक्टरांची धरावी.

जाड ग्रिपचा आणखी एक तोटा दुकानदार सांगत नाही. मूठ जाड झाली की ब्रेक आणि क्लचच्या दांड्या बोटांपासून दूर जातात. लहान हाताच्या माणसाला, आणि आता घरातली गाडी आई आणि मुलीही चालवतात, त्यांना ते अंतर ऐनवेळी नडते. तेव्हा ग्रिप घेताना ज्याचा हात घरात सर्वांत लहान, त्याला सोबत न्यावे. जुन्या मुठीवरच फोमचे किंवा लोकरीचे आवरण चढवणे तर मुळीच नको. पावसात ते पाणी धरते, रबरावर फिरते, आणि खालचे रबर किती खराब झाले ते दिसूच देत नाही.

राहता राहिली ती काढलेली जुनी जोडी. हवा मारून शाबूत निघाली असेल, तर पोरे ती सायकलला लावायला मागतात. सायकलच्या हँडलचा नळही साधारण २२ मि.मी.चाच असतो. त्यामुळे डावी मूठ झकास बसते. उजवी मात्र लोंबकळत राहते, आणि मग तिच्या आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घालावा लागतो.