बोरीबंदरासमोरची शाळा

मांडवी एक्स्प्रेसने कोकणातून येणारा माणूस रात्री सीएसएमटीला उतरतो. सामान सांभाळत रस्त्यावर आला की समोर घुमटांची एक जुनी दगडी इमारत दिसते. अनेकांना ती सरकारी कचेरी वाटते, काहींना मशीद. माझ्या एका नात्यातल्या बुजुर्गांनी तर पहिल्यांदा मुंबईत आल्यावर तिथल्या पहारेकऱ्याला नमाजची वेळ विचारली होती! ती आहे शाळा, अंजुमन-ए-इस्लामची. रोज लाखो माणसे तिच्यासमोरून जातात, पण ती कुणी, का आणि कशी उभी केली हे आपल्या घरांतून क्वचितच सांगितले जाते.

संस्था स्थापन झाली 1874 साली. सर सय्यद अहमद खान यांची अलीगढची मदरसा सुरू झाली 1875 मध्ये, म्हणजे मुंबईची मंडळी एक वर्ष आधीच कामाला लागली होती. पुढाकार घेणाऱ्यांत बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन, नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि मुन्शी गुलाम मुहम्मद हे प्रमुख होते. या नावांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. तय्यबजी हे सुलेमानी बोहरा, मूळचे खंबायतचे, घरची भाषा गुजराती. रोगे हे कोकणी मुसलमान. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा कप्तान. समुद्रावर कमावलेल्या पैशातून मुंबईत मोठी झालेली जी कोकणी घराणी होती, त्यांतले हे एक. म्हणजे अंजुमनच्या पायात आपल्याकडच्या माणसांचाही दगड आहे. ही संस्था गुजराती शेठांची, असे जे सहज बोलले जाते, ते अर्धेच खरे आहे.

बद्रुद्दीन तय्यबजींचे वडील तय्यब अली. त्यांनी त्या काळात आपल्या मुलांना समुद्रापार शिकायला पाठवले. कमरुद्दीन विलायतेत जाऊन सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन आधी दादा मखरा यांच्या मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि 1860 मध्ये, वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, विलायतेला निघाले. 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन परत आले तेव्हा मुंबईच्या हायकोर्टात काळा माणूस बॅरिस्टर म्हणून उभा राहण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे 1887 मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले आणि 1895 मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती हेच. टिळकांची गोष्ट आपल्याला शाळेत शिकवली जाते. जामीन कुणी दिला, हे मला तरी कुणी शिकवले नव्हते.

असा माणूस शाळेच्या मागे का लागला? मुंबईत पैसा होता. बोहरा, खोजा, मेमन व्यापारात होते, कोकणी जहाजांवर होते, जुलाहे मागांवर होते. पण इंग्रजी शाळेत मुसलमान पोर शोधावे लागे. विद्यापीठ 1857 मध्ये सुरू झाले, कचेऱ्या वाढल्या, वकिली आली, रेल्वे आली. नोकरीच्या या सगळ्या दारांवर इंग्रजीची कडी होती. आईबापांची भीती अशी की मुलगा सरकारी शाळेत गेला तर दीन विसरेल. नुसत्या मदरशात ठेवला तर दुनिया सुटेल, हेही दिसत होते. अंजुमनने या दोन्हींच्या मधली वाट धरली: कुराण-दीनियात, उर्दू-फारसी आणि त्याच छपराखाली इंग्रजी, गणित, भूगोल. आज हे साधे वाटते. त्या वेळी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाव्या लागणारे काम होते.

पहिली शाळा भरायला मात्र सहा वर्षे लागली. 1880 मध्ये उमरखाडीत, बाबुला टँकजवळ ती सुरू झाली. शिक्षक तीन, मुले एकशे वीस. उमरखाडी ही गरिबांची, दाटीवाटीची वस्ती. शाळा मलबार हिलच्या उतारावर नाही तर तिथे काढली, ही गोष्ट मला इमारतीच्या सगळ्या घुमटांपेक्षा मोठी वाटते. अलीगढचा रोख पुष्कळसा शरीफ घराण्यांच्या मुलांकडे होता. मुंबईत दुकानदाराचा, खलाशाचा, कारागिराचा मुलगा एकाच फळीवर बसायचा होता.

दहा वर्षांत जागा अपुरी पडली. सरकारने बोरीबंदरासमोर जमीन दिली, वर्गणी गोळा झाली आणि 31 मार्च 1890 रोजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते पायाभरणी झाली. आराखडा जेम्स विलकॉक्स यांचा. 1893 मध्ये लॉर्ड हॅरिस यांनी इमारत खुली केली. त्याच वर्षी जवळच महापालिकेची भव्य इमारत पुरी झाली. म्हणजे रेल्वे, महापालिका आणि मुसलमानांची शाळा, तिन्ही एका चौकात. जागा निवडणाऱ्याला हे नक्कीच कळत होते. उमरखाडीच्या गल्लीतले पोर आता शहराच्या उंबरठ्यावर शिकणार होते.

आता भाषेचे. हा विषय आपल्या घरातला आहे, म्हणून जरा लांबवतो. शाळेने उर्दू धरली. कारण उघड होते. कुणी गुजराती, कुणी कच्छी, कुणी कोकणी-मराठी, कुणी हिंदुस्तानी बोलणारा. सगळ्यांना बांधणारी एक जबान हवी होती. खुद्द तय्यबजींच्या घरानेही गुजराती मागे ठेवून उर्दू जवळ केली. 1882 मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या तालिमीसाठी स्वतंत्र शिफारशी केल्या. त्यांत प्राथमिक आणि मधल्या शाळांचे माध्यम हिंदुस्तानी असावे असे म्हटले होते. पण जिथल्या मुसलमानांना दुसरी भाषा हवी असेल ती ठिकाणे वगळून! हा शेवटचा तुकडा फार थोड्यांच्या लक्षात राहिला. कोकणात, देशावर, मराठवाड्यात मायबोली मराठी असलेल्या मुसलमानांना तो तुकडा हातात धरता आला असता. कुठे धरला गेला, बऱ्याच ठिकाणी नाही.

माझे मामू लहानपणी दाभोळहून बोटीने मुंबईत आले आणि इथल्या एका उर्दू शाळेत (अंजुमन नव्हे) दाखल झाले. घरी आईशी कोकणी, गावच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी, आणि आता उर्दू इमला. ‘काफ’ आणि ‘क़ाफ’ यांत फरक करता येईना म्हणून पोरे हसायची. मामू सांगायचे, “गणितात मी पहिला, पण उदाहरण काय विचारलंय तेच कळायचं नाही.” दोन वर्षांनी ते मराठी शाळेत गेले आणि मॅट्रिक झाले. पण पुढे आयुष्यभर कुणी शुद्ध उर्दूत तकरीर करू लागला की ते गप्प बसत. उर्दूबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. एक संकोच होता, आणि तो त्यांनी आम्हा भाच्यांना दिला नाही. आम्हाला दोन्ही लिप्या शिकवल्या.

हे सांगतो ते अंजुमनला दोष देण्यासाठी नाही. ज्या शहरात कुठलीच एक भाषा सगळ्यांची नव्हती, तिथे त्यांनी एक निवडली आणि मुलांना वर आणले. या संस्थेतच उर्दू संशोधनासाठी वेगळी संस्था निघाली, नजीब अशरफ नदवींसारखे विद्वान तिथे बसले, ‘नवा-ए-अदब’ हे नियतकालिक निघाले. करीमी लायब्ररीची पुस्तके त्याच वास्तूत आहेत. पण मुंबईत जे बरोबर ते खेड-मंडणगडात बरोबरच असेल, असे धरून चालण्याची किंमत आपल्या कित्येक पोरांनी मोजली आहे. जाता जाता आणखी एक: कोकणात ‘अंजुमन’ नावाच्या पुष्कळ संस्था आहेत. त्या सगळ्याच मुंबईच्या शाखा नाहीत. नाव एक, कारभार वेगळा.

मुलींचे काय, हा प्रश्न भगिनी विचारतीलच, आणि विचारायलाच हवा. बद्रुद्दीन तय्यबजी पडद्याच्या सक्तीविरुद्ध होते, स्वतःच्या मुलींना त्यांनी शिकवले. पण अंजुमनची मुलींची माध्यमिक शाळा निघायला 1936 साल उजाडले. पुढे ती सैफ तय्यबजींच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मुलग्यांच्या पहिल्या शाळेनंतर छप्पन्न वर्षे! म्हणजे आजी, आई आणि लेक, तिघींचे शाळेचे वय निघून जाईल इतका काळ. त्याच साली भायखळ्याला साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था निघाली. हातात हत्यार धरणाऱ्या मुलांसाठी ती किती मोलाची ठरली ते मुंबईतल्या कुठल्याही जुन्या फिटरला विचारा.

शाळेची नामवंत मुले म्हटली की लोक आधी युसूफ खान यांचे नाव घेतात, म्हणजे आपले दिलीपकुमार. मला मात्र वासिम जाफरची गोष्ट जास्त आवडते. बसचालकाचा मुलगा. वयाच्या पंधराव्या वर्षी अंजुमनच्या संघाकडून एका शालेय सामन्यात नाबाद 400 धावा. पुढे तो भारताकडून खेळला, रणजीत धावांचे डोंगर रचले. मुंबईच्या शालेय क्रिकेटची हॅरिस ढाल ज्यांच्या नावाची, ते लॉर्ड हॅरिस म्हणजे या इमारतीचे उद्घाटन करणारे गव्हर्नरच. साहेबाने त्या दिवशी भाषणात काय म्हटले असेल ते असो, उमरखाडीतून सुरू झालेल्या शाळेतले पोर एक दिवस बॅट घेऊन असे उभे राहील हे त्याच्या डोक्यात नसणार.

2024 मध्ये संस्थेला दीडशे वर्षे झाली. आज तिच्या कारभाराखाली शाळा, महाविद्यालये, पॉलिटेक्निक, वसतिगृहे आहेत, विद्यार्थी लाखाच्या घरात असल्याचे संस्था सांगते. उर्दूबरोबर इंग्रजी माध्यमही आले. पनवेलला अभियांत्रिकीचे संकुल उभे राहिले, तिथे कोकणातली मुले-मुली सरळ गाडीने जाऊन शिकतात. पैसा कुठून आला असे विचाराल तर बहुतेक ठिकाणी दारावर दात्याचे नाव दिसेल. शेठ लोकांनी हवेल्या बांधल्या तशा वर्गखोल्याही बांधल्या, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे.

गेल्या वर्षी बहिणीच्या मुलीला घेऊन मी मुंबईला गेलो होतो. दुपारची वेळ, शाळा सुटत होती. फाटकातून मुलांचा लोंढा बाहेर आला, पाठीवर दप्तरे, कुणाच्या हातात क्रिकेटचे किट. एकजण उर्दूत ओरडत होता, दुसरा त्याला अस्सल मुंबईच्या मराठीत उत्तर देत होता. भाची म्हणाली, “मामू, ही मशीद नाही?” मी तिला कठड्याजवळ नेले आणि 1890 पासून सांगायला सुरुवात केली. ती मात्र त्या दोन पोरांकडेच बघत होती.