‘विक्रांत’ : आयुर्मान आणि विल्हेवाट

विमानवाहू युद्धनौकेचे आयुर्मान अंतिमतः तिच्या पाण्याखालील पोलादावर अवलंबून असते. १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये जलावतरण झालेली ‘विक्रांत’ १९६१ साली भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात एक बॉयलर निकामी असतानाही तिने बंगालच्या उपसागरात मोलाची कामगिरी बजावली. ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त होऊन ती पुढे मुंबईत संग्रहालय झाली. खाऱ्या पाण्यात उभ्या नौकेचा तळ मात्र गंजतच राहतो. तो राखण्यासाठी तिला वेळोवेळी सुक्या गोदीत घ्यावे लागते. जतनाचा आग्रह अनेकांनी धरला, पुरेशी आर्थिक तरतूद मात्र झाली नाही, ही खेदाची बाब होय. २०१२ मध्ये असुरक्षित ठरल्याने संग्रहालय बंद झाले. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना लिलाव होऊन, सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केल्यावर, त्याच वर्षी मुंबईच्या दारूखान्यात तिच्या तोडणीस प्रारंभ झाला.