लक्ष्मण देशपांडे

डॉ. लक्ष्मण देशपांडे (जन्म : ५ डिसेंबर, १९४३, मृत्यू : २२ फेब्रुवारी, २००९) हे मराठी नाटककार, अभिनेते, दिग्दर्शक आणि नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे त्यांनी स्वतः लिहून सादर केलेले एकपात्री नाटक महाराष्ट्रात व परदेशांतील मराठी भाषकांत अत्यंत लोकप्रिय झाले. सुमारे तीन तासांच्या या प्रयोगात ते एकटे ५२ व्यक्तिरेखा उभ्या करीत. या विक्रमाची नोंद गिनीज बुकातही झाली. मराठवाड्याची बोली महाराष्ट्रभरच्या नाट्यगृहांत पोहोचविणाऱ्या कलावंतांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

पार्श्वभूमी

देशपांडे यांच्या जन्माच्या वेळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. १७ सप्टेंबर, १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर मराठवाडा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे, १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. या इतिहासामुळे येथील मराठीत दख्खनी व उर्दू शब्दांचे मिश्रण झाले.

मराठी व्यावसायिक रंगभूमीचे केंद्र मात्र मुंबई, पुणे व पश्चिम महाराष्ट्रातील संस्थानी गावे हेच राहिले. मराठवाड्यात कीर्तन, भारूड, गोंधळ व बहुरूप्यांची सोंगे हे लोकांच्या नित्य परिचयाचे नाट्यप्रकार होते. पैठणच्या संत एकनाथांच्या भारुडांत सादरकर्ता गोंधळी, जोशी, महारीण अशा अनेकांच्या तोंडून बोलतो. एकाच माणसाने अनेक जण होणे ही गोष्ट त्यामुळे येथील प्रेक्षकाला नवी नव्हती.

अध्यापन

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे झाली. १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. देशपांडे यांनी तेथील नाट्यशास्त्र विभागात अध्यापन केले व विभागप्रमुखपदही सांभाळले. मुंबई-पुण्याला जाऊन राहणे ज्यांना परवडणारे नव्हते, अशा मराठवाड्यातील तरुणांना नाट्यशिक्षणाची सोय या विभागामुळे आपल्याच प्रदेशात उपलब्ध झाली.

वऱ्हाड निघालंय लंडनला

या नाटकाचे प्रयोग १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. मराठवाड्यातील एका खेड्यातील कुटुंबाचे लग्नकार्य लंडनला ठरते आणि सारे वऱ्हाड तिकडे निघते, एवढेच त्याचे कथासूत्र आहे. निघण्याची लगबग, रुसवेफुगवे, विमानाचा पहिला प्रवास आणि अनोळखी देशातील गोंधळ यांतून विनोद निर्माण होतो.

शीर्षकातील 'वऱ्हाड' या शब्दाचा अर्थ लग्नाला निघालेली मंडळी असा आहे. विदर्भाच्या पश्चिम भागाला असलेल्या वऱ्हाड या नावाशी त्याचा संबंध नाही. नाटकाची भाषाही वऱ्हाडी नसून मराठवाडी आहे. वऱ्हाडीत 'डोळा' या शब्दाचा उच्चार अनेक ठिकाणी 'डोया' असा होतो. मराठवाडी बोलीत 'ण'च्या जागी 'न' येणे (पाणी – पानी), 'लई', 'कामून' यांसारखे शब्द आणि वाक्याच्या अखेरचे हेल ही वैशिष्ट्ये आढळतात.

सादरीकरण

एकपात्री नाटकांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात नट एकाच व्यक्तीची भूमिका आरंभापासून अखेरपर्यंत करतो. सदानंद जोशी यांचे 'मी अत्रे बोलतोय' हे त्याचे उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात एकच नट अनेक व्यक्तिरेखा करतो आणि त्यांचे परस्परांतील संवादही स्वतःच बोलतो. पु. ल. देशपांडे यांचा 'बटाट्याची चाळ' (१९६१) हा अशा बहुरूपी प्रयोगांचा मराठीतील ठळक नमुना आहे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे याच प्रकारात मोडते.

या प्रकारात वेशभूषा बदलण्यास अवधी नसतो. पात्र बदलल्याचे प्रेक्षकाला आवाजाची पट्टी, बोलण्याची गती, मानेचा कल, खांद्यांची ठेवण आणि नजरेची दिशा यांवरूनच कळते. म्हातारा, लहान मूल, सासुरवाशीण आणि इंग्रज यांची वाक्ये एकापाठोपाठ येत असता प्रत्येकाची ओळख पहिल्या शब्दातच पटावी लागते. रंगमंचावर उभा असलेला नट येथे ध्वनिनाट्यातील कलावंताचेही काम करीत असतो. बोलीचा उपयोगही हेल, गती व शब्दयोजना यांतून पात्रे वेगळी करण्यासाठी होतो. सर्व पात्रे एकसारखी प्रमाण मराठी बोलली असती, तर यांतील बरेच भेद पुसले गेले असते.

राकुगोशी साम्य

जपानमधील राकुगो ही कथनकला या प्रकाराशी तुलनीय आहे. राकुगोचा कलावंत गादीवर बसून, केवळ पंखा व हातरुमाल वापरून, मान डावी-उजवीकडे वळवीत सर्व पात्रांचे संवाद बोलतो. तिसरे कात्सुरा बेइचो (१९२५–२०१५) यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लोप पावत चाललेली, ओसाका परिसराच्या बोलीतील कामिगाता राकुगो पुन्हा उभी करण्यास मोठा हातभार लावला. १९९६ साली जपानने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला.

दोन्ही परंपरांत एक मोठा फरक आहे. राकुगोत गुरूकडून शिष्याकडे कथा जातात आणि पुष्कळदा नावही जाते. बेइचो यांच्या नावामागील 'तिसरे' हा क्रमांक त्याचाच निदर्शक आहे. मराठी एकपात्री नाटकात अशी व्यवस्था नाही. संहिता छापली गेली, तरी आवाज व हालचाल नटाच्या देहातच राहतात, आणि प्रयोग बहुधा त्याच्याबरोबरच संपतो.

मृत्यूनंतर

२२ फेब्रुवारी, २००९ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी देशपांडे यांचे निधन झाले. ५२ व्यक्तिरेखांना एकच देह असल्याने नाटकाचे प्रयोगही थांबले. त्यांच्या प्रयोगांची ध्वनिचित्रमुद्रणे उपलब्ध असल्यामुळे नंतरच्या पिढीला ते पाहता आले. पुढे मराठवाड्यातीलच अभिनेते संदीप पाठक यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणले. मूळ नटाशी इतके एकरूप झालेले एकपात्री नाटक दुसऱ्या नटाने चालविणे ही मराठीत विरळा घडणारी गोष्ट आहे.

जालना जिल्हा आणि मराठवाडी बोलीचे नाटक

देशपांडे यांनी नाटकाचे प्रयोग सुरू केले, त्या काळी जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातीलच तालुक्याचे ठिकाण होते. १ मे, १९८१ रोजी स्वतंत्र जालना जिल्हा अस्तित्वात आला. पूर्वेस तो बुलढाणा जिल्ह्याला, म्हणजे वऱ्हाड प्रदेशाला, लागून आहे. नाटकाच्या शीर्षकातील शब्दाचे दोन्ही अर्थ या सीमेवरच्या गावांत रोजच्या वापरात आहेत.

बोलीभाषेतील नाटकाचा पुढील महत्त्वाचा टप्पा याच जिल्ह्यात दिसतो. घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. याच गावचे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली रंगमंचावर आले. त्याची संकल्पना शाहीर संभाजी भगत यांची व दिग्दर्शन नंदू माधव यांचे होते. त्यातील अनेक कलावंत जालना परिसरातील शेतकरी कुटुंबांतून आले होते. हे नाटक एकपात्री नाही आणि त्याचा रोखही वेगळा, सामाजिक व राजकीय आहे. तथापि, मराठवाडी बोलीतील पूर्ण लांबीचे नाटक मुंबई-पुण्याचा प्रेक्षक तिकीट काढून पाहतो व त्याला ते समजते, हे देशपांडे यांच्या प्रयोगांनी त्यापूर्वी तीन दशके सिद्ध केले होते.