वसईच्या किल्ल्यात, एका संताच्या मागे

भोकरदनहून वसईला निघालो तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, "सर, तिकडं तुमचं काय हो?" आम्ही म्हणालो, जुनी ओळख आहे. यात थट्टा थोडीच होती. आपलं हे गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत इथल्या माणसांची नोंद आहे. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा सापडला आणि इटलीत पॉम्पेईला 1938 साली मिळालेल्या मूर्तीशी त्याचं जवळचं साम्य निघालं. तेव्हा इथला माल पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांकडे जात असणार, आणि त्यातलं एक मोठं बंदर सोपारा, म्हणजे वसईच्या अगदी शेजारी. असो, आज विषय वेगळा आहे.

वसई रोड स्टेशनवर उतरून रिक्षा किंवा बसने किल्ल्याकडे जायचं. पुढचं सगळं पायी. ज्याच्या मागे आम्ही गेलो तो संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, साधारण 1557 सालचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली, त्याला तेव्हा वीसेक वर्षंच झाली होती. मुलगा जेझुइट पाद्रींच्या हाताखाली शिकला आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याबरोबर जपानला गेला.

किल्ल्यात जेझुइटांच्या चर्चपाशी पोचलो. आज ते गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखलं जातं. तिथे एक गाइड काही पाहुण्यांना सांगत होता, "संत इथेच उभे राहून प्रार्थना करायचे." हात एका खांबावर. पाहुण्यांनी लगेच त्या खांबाला हात लावला. आमच्यातला मास्तर जागा झाला, पण आम्ही गप्प राहिलो. हा मुलगा 1572 च्या सुमारास वसई सोडून गेला. आज जे दगड उभे आहेत त्यांतले किती त्या वेळचे? किल्ल्यातलं सेंट जोसेफचं मोठं चर्चच घ्या. ते 1601 साली नव्याने बांधल्याचा शिलालेख तिथेच आहे. म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. त्या चर्चच्या ज्या उंच बुरुजाखाली आपण मान वर करून उभे राहतो, तो त्याने पाहिलेलाच नाही.

मग त्या खांबाला हात लावणारी माणसं चुकली का? चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून आम्हाला याचं झटकन उत्तर देता येत नाही. खांबाबद्दलचं विधान खरं की खोटं, हा एक प्रश्न. हात लावणाऱ्याने नेमकं काय केलं, हा दुसरा. पंढरीला पायरीवर डोकं टेकणारा वारकरी आधी दगडाचं वय विचारत नाही. पण म्हणून गाइडने काहीही सांगावं, हेही आम्हाला मान्य नाही. श्रद्धेला खोट्या पुराव्याची गरज नसते. उलट तो पुरावा उघडा पडला की नुकसान श्रद्धेचंच होतं.

खरी गोष्टच पुरेशी आहे हो. जपानमध्ये हा पोरगा तिथली भाषा अस्खलित बोलायला शिकला, जेझुइटांना धर्मशिक्षणात मदत करू लागला. त्यांच्या संघात त्याला जायचं होतं, ते जमलं नाही. मग त्याने व्यापार केला, मकावपर्यंत. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला, म्हणजे दीक्षित पाद्री नव्हे, साधा बंधू. 1593 मध्ये पेद्रो बाउतिस्ता मनिलाच्या गव्हर्नराचा दूत म्हणून तोयोतोमी हिदेयोशीकडे गेले, तेव्हा दुभाषा होता आपला हा वसईकर. हिदेयोशी म्हणजे त्या काळचा जपानचा सर्वसत्ताधीश. त्याच्यासमोर उभं राहून दोन बाजूंचे शब्द सांभाळायचे, हे सोपं काम नव्हे.

1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, संशय वाढला आणि धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत भर थंडीत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवलं. त्यांतले वीस जपानी होते, त्यांत अगदी लहान मुलंही होती. रोमने 1862 साली या सगळ्यांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो हा. सिस्टर अल्फोन्सांची पाळी 2008 साली आली.

आता याच किल्ल्यात दुसरी आठवण आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला जिंकला. त्यांचा पुतळा आहे, देवळं आहेत. आम्ही मराठवाड्यातली माणसं लहानपणापासून वसईचं नाव त्याच एका लढाईमुळे ऐकत आलो. आमच्या सौभाग्यवतींनी आधी पुतळ्याला नमस्कार केला, मग चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. आम्ही विचारलं, हे कसं? त्या म्हणाल्या, "दोघंही इथलेच ना?" या वाक्यावर एक प्रबंध लिहिता येईल. आम्ही लिहिणार नाही.

तिथून पापडीच्या चर्चपर्यंत गेलो. 1998 पासून वसईचं वेगळं धर्मप्रांत आहे, आणि पापडीचं चर्च त्याचं कॅथेड्रल. इथली मिस्सा मराठीत होते, घरांत सामवेदी बोली चालते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले, 2020 साली आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादला, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काही लोकांनी "हे कसे मराठी?" असा प्रश्न केला होता. त्यांनी एकदा पापडीच्या आवारात बसून म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकाव्यात.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा, सकाळी लवकर. किल्ल्यात सावली कमी आहे, पाणी बरोबर ठेवा. आणि गाइडने काही सांगितलं, तर त्याला साल विचारा, मात्र हसत. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.