मातीतून लाभलेले औषध

जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथात, अडतिसाव्या अध्यायात, वैद्याचा मान राखण्याचा उपदेश आहे. औषधांचे मूळ भूमीत आहे, हेही तेथे सुचविले आहे. एरिथ्रोमायसिन या औषधाची हकीकत वाचताना आम्हांस त्या अध्यायाचे स्मरण झाले.

फिलिपाईन्स या कॅथलिक देशात आबेलार्दो आगिलार नावाचे एक डॉक्टर होते. १९४९ साली त्यांनी इलोइलो येथील मातीचा नमुना अमेरिकेतील एली लिली या औषधी कंपनीकडे धाडला. त्या मातीतील एका सूक्ष्म जंतूपासून मॅग्वायर व त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली हे औषध वेगळे काढले. इलोइलोवरूनच त्यास 'इलोटायसिन' हे व्यापारी नाव मिळाले. ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही, अशा रोग्यांना त्याचा मोठाच आधार झाला. डांग्या खोकला व घटसर्प यांवरही ते उपयोगी पडते.

या औषधाच्या रेणूत अणूंचे एक मोठे कडे असते. म्हणून या कुळास 'मॅक्रोलाइड' म्हणतात. एरिथ्रोमायसिनच्या कड्यात चौदा अणू असतात. त्यापासून पुढे १९८० साली झाग्रेब येथे तयार झालेल्या अझिथ्रोमायसिनच्या कड्यात पंधरा.

हे औषध काम कसे करते? प्रत्येक जंतूच्या पोटात प्रथिने तयार करणारे असंख्य चिमुकले कारखाने असतात. तयार होणारे प्रथिन एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडते. मॅक्रोलाइड नेमके त्या बोगद्यात ठाण मांडून बसते. प्रथिनाची वाट अडली की जंतूची वाढ खुंटते, आणि उरलेले काम आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती पुरे करते. आपल्या पेशींतील कारखान्यांची घडण निराळी असल्यामुळे ते सहसा सुरक्षित राहतात. सर्दी-पडशाच्या विषाणूंना तर असा कारखानाच नसतो; म्हणून तेथे हे औषध घेणे व्यर्थ होय.

एरिथ्रोमायसिनने पोटात कळा येतात, कारण ते जठराची हालचाल वाढविते. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांतही या औषधांनी बिघाड होऊ शकतो. एरिथ्रोमायसिन यकृताचे काम अडवून इतर काही औषधांचे प्रमाण रक्तात वाढविते. यास्तव चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांस सांगावीत.

अझिथ्रोमायसिन शरीरात दीर्घकाळ टिकते. निम्मे होण्यास त्यास सुमारे ६८ तास लागतात. म्हणूनच तीन ते पाच दिवसांच्या गोळ्या बहुधा पुरतात. परंतु ही सोयच घातक ठरू पाहत आहे. कोणास ताप आला की दुकानातून चिठ्ठीवाचून गोळ्या आणाव्यात, उरल्यासुरल्या शेजारच्या बाईस द्याव्यात, हे आमच्या खेड्यांत नित्य घडते. अशा वापराने जे जंतू तग धरतात, ते औषधाच्या बैठकीची जागाच बदलून टाकतात, अथवा औषध बाहेर फेकण्यास शिकतात. ही विद्या ते दुसऱ्या जंतूंसही देतात. मग एखाद्या घरचे मूल खरोखर अत्यवस्थ असताना तेच औषध निष्फळ ठरते.

वाचकहो, परमेश्वराने मातीत ठेवलेली ही देणगी कोणा एका घराची नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नये. घेतल्यास सांगितलेले दिवस पुरे करावेत, आणि दुसऱ्यास वाटू नये. शेजाऱ्यावरील प्रीतीचा हाही एक भाग आहे, असे आम्ही समजतो.