हिमवृष्टीत वीज क्वचितच का कडाडते?

भूगोलाच्या तासाला हिमालयाचा पाठ चालू असता एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, तिकडे बर्फ पडते तेव्हा विजा चमकतात का?" प्रश्न साधा दिसतो, परंतु उत्तर देताना पुष्कळ शिक्षकांची अडचण होते. आपल्या प्रांतात हिमवृष्टी होत नाही. पुणे येथे १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता, तरी हिम पडले नाही. न पाहिलेल्या गोष्टीविषयी काय सांगावे, असे वाटून "क्वचितच चमकतात" एवढ्यावर विषय संपविला जातो. वस्तुतः ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास हिमालयात जावे लागत नाही. शाळेच्या अंगणातून वर्षभर जे आकाश दिसते, ते नीट पाहिले म्हणजे पुरे.

उदाहरणादाखल मुठा नदीच्या काठचे वारजे घ्यावे. पूर्वी हवेली तालुक्यातील खेडे असलेले हे गाव आज पुणे शहराच्या हद्दीत आले आहे; परंतु त्याच्यावरचे आकाश मुळशी, मावळ व हवेलीतील इतर गावांच्या आकाशासारखेच आहे. वैशाखात दुपार कलली की सिंहगडाच्या बाजूला पांढरे ढग गोभीच्या गड्ड्याप्रमाणे वर चढू लागतात. पाहता पाहता काळवंडतात, वारा सुटतो, आणि विजांच्या कडकडाटासह वळीव कोसळतो. पुढे श्रावणात आठ आठ दिवस झड लागते, सूर्यदर्शन होत नाही. परंतु वीज जवळजवळ नाहीच. भाद्रपद-आश्विनात हस्त नक्षत्र लागले की पुन्हा गर्जना ऐकू येते. ह्या पावसाला लोक हत्तीचा पाऊस म्हणतात, आणि मुली हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती हादग्याचा फेर धरतात. पौष-माघात मात्र आकाश निरभ्र व मुके असते. म्हणजे विजेचे प्रमाण पावसाच्या प्रमाणावर अवलंबून नाही, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने अनुभवलेले असते. शिक्षकाने त्यास ते केवळ आठवून द्यावयाचे असते.

येथेच एका जुन्या समजुतीचा निकाल लागतो. "ढगावर ढग आपटला की गडगडाट होतो," असे घरोघर सांगितले जाते. खेदाची गोष्ट अशी की, कित्येक वर्गांतूनही तेच सांगितले जाते. हे खरे असते, तर श्रावणात, ढगांना ढग खेटून चालले असताना, कानठळ्या बसावयास हव्या होत्या. ढग म्हणजे पाण्याच्या व बर्फाच्या सूक्ष्म कणांनी भरलेली हवा. दोन ढग एकमेकांत शिरले तर धुक्यात धुके मिसळावे तसे मिसळतात. आवाज करीत नाहीत. गर्जना विजेपासून उत्पन्न होते. विजेच्या वाटेवरील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट, तापते आणि स्फोट व्हावा तशी फैलावते. त्या धक्क्याचा नाद म्हणजे मेघगर्जना. तेव्हा खरा प्रश्न असा की, ढगात वीज साठते कशी?

आकाशातील वीज व घर्षणाने उत्पन्न होणारी वीज एकच आहे, हे १७५२ साली बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या सूचनेवरून फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगाने सिद्ध झाले. ढगात हे घर्षण कोणाकोणात होते, हे कळण्यास मात्र आणखी दोनशे वर्षे लागली. १९५७ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे रेनॉल्ड्स व त्यांचे सहकारी यांनी प्रयोगशाळेत थंड ढग तयार केला आणि त्यात बर्फाचा थर चढलेला गोल फिरविला. बर्फाचे स्फटिक त्याच्यावर आदळून उडाले, तेव्हा दोहोंवर परस्परविरुद्ध विद्युत्भार आढळला. अट एकच होती: त्या ढगात अतिशीत जलाचे थेंबही हजर असले पाहिजेत. अतिशीत जल म्हणजे शून्य अंशाखाली गेलेले, तरीही न गोठलेले पाणी. ही कल्पना विद्यार्थ्यांस विचित्र वाटते. परंतु उंच ढगातील सूक्ष्म थेंब उणे ३०-३५ अंशांपर्यंतही द्रवरूप राहू शकतात.

वैशाखातील ढगात असेच घडते. आपल्याकडे त्या दिवसांत शून्य अंशाची पातळी जमिनीपासून सुमारे पाच किलोमीटरवर असते. ढग तिच्या कितीतरी वर, बारा ते पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. सहा ते आठ किलोमीटरच्या पट्ट्यात, जेथे तपमान उणे दहा ते उणे वीस अंशांच्या आसपास असते, तेथे अतिशीत थेंब, हलके हिमस्फटिक आणि थेंब चिकटून चिकटून तयार झालेल्या मऊ गारा अशी तिन्ही मंडळी एकत्र येतात. गारा व स्फटिक यांची टक्कर होते. बहुधा गार ऋण भार घेते व स्फटिक धन भार घेऊन सुटतो. आता खरा कारभार वर जाणाऱ्या वाऱ्याचा. जोरदार वादळी ढगात हा ऊर्ध्वगामी प्रवाह सेकंदाला वीस मीटर, म्हणजे ताशी बहात्तर किलोमीटर वेगाने वाहू शकतो. एस. टी. ची गाडी सडकेवर ज्या वेगाने धावते, त्या वेगाने हवा सरळ आकाशाकडे निघालेली असते! ती हलक्या स्फटिकांना माथ्याकडे उडवून नेते. जड गारा मध्यभागी रेंगाळतात किंवा खाली येतात. अशा रीतीने धन भार वर व ऋण भार खाली, अशी फारकत होते. ती पुरेशी वाढली की मधल्या हवेचा विरोध मोडून पडतो आणि वीज चमकते. टक्कर झाली पण फारकत झाली नाही, तर काहीच घडत नाही. दोन्ही भार एकमेकांना तेथल्या तेथे मारून टाकतात.

एवढे समजले म्हणजे बाकीचे ऋतू आपोआप उलगडतात. श्रावणात जमीन निवालेली असते. समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीवर सावकाश चढतो. बरेचसे ढग बुटके असतात. पुष्कळदा त्यांचा माथा शून्य अंशाच्या पातळीलाही धड पोहोचत नाही. पाणी विपुल आहे, पण बर्फ नाही व उसळी नाही. पौषात उत्तरेकडील कोरडी हवा येते. रात्री जमीन गार होते व तिच्या लगतची हवाही गार होऊन खालीच बसून राहते. सकाळी मुठेच्या खोऱ्यात चुलींचा धूर वर न जाता आडवा पसरतो, तो ह्यामुळेच. जी हवा धूर वर नेऊ शकत नाही, ती ढग कोठून उभारणार?

आता हिमवृष्टीकडे वळावे. हिमालयात डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेकडून येणाऱ्या हवेच्या विक्षोभांमुळे हिम पडते. त्या वेळी आकाशावर जाड गोधडी पांघरल्यासारखा पसरट ढग असतो. त्यात बर्फाला तोटा नाही. पण विस्तृत प्रदेशावरील हवा अगदी मंदपणे, बहुधा सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्याच वेगाने, वर सरकत असते. अशा हवेत अतिशीत थेंब थोडे टिकतात, म्हणून मऊ गारा फारशा बनत नाहीत. हिमस्फटिक एकमेकांत गुंतून कापसासारखे पुंजके होतात व सगळे मिळून हळूहळू खाली उतरतात. थोडाफार भार निर्माण झालाच, तरी एकाला वर नेऊन दुसऱ्याला खाली ठेवणारा जोर त्या ढगात नसतो.

हा जोर का नसतो, ह्याचे मूळ हवेतील बाष्पात आहे. तीस अंश तपमानाची एक घनमीटर हवा सुमारे तीस ग्रॅम बाष्प सामावू शकते. शून्य अंशाची हवा पाच ग्रॅमहूनही कमी, आणि उणे दहा अंशाची जेमतेम अडीच ग्रॅम. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होते, तेव्हा सुमारे सहाशे उष्मांक, म्हणजे कॅलरी, उष्णता मोकळी होते. ही उष्णता भोवतालच्या हवेला गरम व हलकी करून आणखी वर ढकलते. वैशाखातील ढग जणू ह्याच सरपणावर पेटतो. हिवाळी हवेच्या पदरात सरपणच थोडे. शिवाय हिमाच्छादित जमीन सूर्याचे ऊन बहुतांशी परतवून लावते, त्यामुळे खालून शेक मिळावा तोही मिळत नाही.

"क्वचितच" ह्या शब्दात अपवादाला जागा आहे, आणि तो अपवाद ह्या विवेचनाला बळकटीच देतो. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, होकुरिकु भागात, भर हिवाळ्यात हिम पडत असता विजा कडाडतात. सैबेरियातून आलेली अतिथंड हवा तेथे उबदार सागरी प्रवाहावरून जाते. खालून ऊब व बाष्प मिळताच ती उसळते. उणे दहा अंशांची पातळी त्या दिवसांत समुद्रापासून फार उंच नसते, म्हणून बुटका ढगही वीज निर्माण करू शकतो. ह्या गर्जनेबरोबर बुरी नावाच्या माशांचा हंगाम येतो. म्हणून तेथील कोळी तिला बुरीला जागे करणारी गर्जना म्हणतात. अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या काठीही असेच घडते. ताजे भुसभुशीत हिम आवाज शोषून घेते. त्यामुळे तेथील गर्जना काही किलोमीटरपलीकडे ऐकू जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडचा धडा २०१४ सालचा. त्या वर्षी फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्रात विजांसह गारपीट होऊन गहू, द्राक्षे व डाळिंबे आडवी झाली. महिना थंडीचा म्हणून निर्धास्त राहू नये. वरची हवा थंड, खालची उबदार व ओली असा योग आला की ढग उभा राहतोच.

वर्गात हे दाखविण्यास मोठे साहित्य लागत नाही. पातेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर लाकडाचा भुसा टाकावा व मंद आचेवर ठेवावे. मधून वर येणारा व कडेने खाली जाणारा भुसा मुलांना स्पष्ट दिसतो. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग शिक्षकांना ठाऊकच आहे. तो कोरड्या दिवसांत करावा, श्रावणात तो फसतो. मात्र येथे एखादा हुशार मुलगा पेचात पकडण्याचा संभव आहे: थंडीत स्वेटर काढताना अंधारात ठिणग्या उडतात, मग थंडीत आकाशातच वीज का नाही? उत्तर असे की, स्वेटरच्या बाबतीत फारकत करणारा हात आपला असतो. आकाशात ते काम वर जाणारा वारा करतो, आणि हिवाळ्यात तोच गैरहजर असतो.

वर्षभराची नोंदही ठेवता येईल. वर्गातील दिनदर्शिकेवर पावसाच्या दिवशी एक खूण व गर्जनेच्या दिवशी दुसरी खूण करावी. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. वारजे येथून सिंहगड सरळ रेषेत तेरा-चौदा किलोमीटर आहे. गडावर चमकलेल्या विजेचा आवाज गावात पोहोचण्यास सुमारे चाळीस सेकंद लागतील. ही मोजणी आडोशाला, पक्क्या इमारतीत बसूनच करावी. कारण मूळ ढगापासून दहा किलोमीटरवरही वीज पडू शकते.

भारतात अलीकडच्या वर्षांत वीज पडून दरसाल सुमारे अडीच ते तीन हजार माणसे दगावतात. त्यांत शेतात काम करणारे व गुरे राखणारे पुष्कळ असतात. खरी जोखीम वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत, दुपारनंतर. पहिल्या वेळी मुले सुटीत रानात असतात, दुसऱ्या वेळी शाळा सुटून घरी निघालेली असतात. म्हणून उन्हाळी सुटीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात व हस्त लागण्यापूर्वी हा पाठ घेणे सोयीचे. गर्जना ऐकू आली की पक्क्या घरात जावे; एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये, नदीत वा विहिरीवर थांबू नये; शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइलवरील साधन आसपासच्या विजेची सूचना देते. शाळेत एका तरी शिक्षकाजवळ ते असावे.

पायाळू मुलावर वीज पडते, ही समजूत अद्याप गेलेली नाही. अशा मुलाला आभाळ आले की कोंडून ठेवतात, सोबती चिडवितात, आणि ते पोर ढगाच्या नुसत्या सावलीने थरथरते. वीज उंच व उघड्यावरील वस्तू शोधते. कोण कसा जन्मला, हे ती विचारीत नाही. वर्गात असे मूल असल्यास त्याच्याकडे बोट न दाखविता हे सर्वांना सांगावे, आणि पालकसभेतही सांगावे. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात विद्युत्भार उरत नाही. त्यास शिवण्यात धोका नाही. त्यास शेणात वा मातीत पुरण्यात वेळ दवडू नये. ढग डोक्यावर असल्यास आधी त्याला आडोशाला न्यावे. श्वास थांबला असेल तर १०८ क्रमांकावर निरोप देऊन तत्काळ छातीच्या मध्यभागी जोराने व जलद, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दाब देत राहावे, आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत थांबू नये.