चित्र अडखळते कुठे?

गांधीजयंतीच्या सुमारास आपल्या वर्धा जिल्ह्यात माहितीपट दाखविण्याची हौस सर्वांनाच येते. विठ्ठलभाई झवेरी यांचा १९६८ सालचा ‘महात्मा’ हा साडेपाच तासांचा बोलपट तर अनेकांच्या संग्रही असतो. परंतु लॅपटॉपवर सुरळीत चालणारे चित्र मोठ्या मॉनिटरला जोडले की धक्के खाऊ लागते; आवाज पुढे जातो आणि ओठ मागे राहतात. मग कोणी केबलला दोष देतो, तर कोणी ‘लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या’ असे सांगून मोकळा होतो. शेतकरी-मजुरांच्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला हा सल्ला परवडत नाही आणि पुष्कळदा तो चुकीचाही असतो. तेव्हा दोष नेमका कोठे असतो, हे आपण पाहू.

प्रथम चित्राचा भार समजून घेऊ. साधे एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. एकूण सुमारे २१ लाख. ‘फोर-के’ चित्रात ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात, बरोबर चौपट. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणजे एक चित्र तयार करायला यंत्राला सेकंदाचा चोविसावा भाग मिळतो. सेकंदाला ६० चित्रे असतील, तर त्याच्याही निम्म्याहून कमी.

एवढा भार फाईलमध्ये जसाच्या तसा मावत नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधतात आणि सूतगिरणीत ती गाठ उकलावी लागते, तसेच येथेही आहे. गाठ बांधण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एच-२६४ ही २००३ ची, एचईव्हीसी २०१३ ची आणि एव्ही-वन २०१८ ची. पद्धत जितकी नवी, तितकी गाठ लहान, पण उकलायला अवघड. ती उकलण्याची खास सोय चित्रफळीत, म्हणजे ग्राफिक्स चिपमध्ये, असते. जुन्या चिपला नवी पद्धत येत नसेल, तर सारे काम मुख्य प्रोसेसरवर पडते आणि तो धापा टाकू लागतो.

आता परीक्षा करू. केबल काढा आणि तीच फाईल लॅपटॉपच्याच पडद्यावर चालवा. व्हिडिओ इंटरनेटवरील असेल, तर दोन्ही वेळा दर्जा एकच ठेवा. कारण ‘ऑटो’वर असताना यूट्यूबसारखी संकेतस्थळे खिडकीचा आकार पाहून प्रत निवडतात. लहान पडद्यावर हलकी प्रत आणि मोठ्यावर जड प्रत आली, की आपण विनाकारण मॉनिटरला दोष देतो.

लॅपटॉपवरही चित्र अडखळले, तर दोष केबलच्या अलीकडे आहे. टास्क मॅनेजर उघडून पाहा. प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर ब्राउझरमधील ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ चालू आहे का ते तपासा, किंवा तोच चित्रपट एच-२६४ मध्ये मिळवा. चार्जर लावा, बॅटरी वाचविण्याच्या व्यवस्थेत यंत्र मुद्दाम हळू चालते. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका! मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, तेव्हा तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. पहिली दहा मिनिटे चित्र नीट आणि पुढे धक्के, अशी लक्षणे असतील तर पंख्यातील धूळ काढा आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा.

लॅपटॉपवर चित्र सुरळीत आणि बाहेरच अडखळत असेल, तर मॉनिटरवर माऊसचा बाण फिरवून पाहा. तोही धक्के घेत असेल, तर ‘रिफ्रेश रेट’ बहुधा ३० वर आलेला आहे. २००९ चे एचडीएमआय १.४ फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच नेऊ शकते; ६० वेळा न्यायला २०१३ चे एचडीएमआय २.० लॅपटॉप, केबल आणि मॉनिटर या तिन्ही ठिकाणी लागते. एक कडी जुनी असली तरी साखळी जुनीच. यावर फुकटचा उपाय आहे: डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर १९२० गुणिले १०८० वर आणि दर ६० वर ठेवावा. यूएसबीतून चित्र काढणारे काही जोड प्रोसेसरकडूनच काम करून घेतात. शक्य असेल तेथे ते टाळून थेट एचडीएमआय वापरावे.

एक धक्का मात्र यंत्राचा नव्हे. मूकपटांच्या काळी कॅमेरा बहुधा सेकंदाला २४ पेक्षा कमी चित्रे टिपत असे. ती चित्रे २४ च्या वेगाने दाखविली, की माणसे तुरुतुरु चालताना दिसतात. गांधीजींची काही जुनी दृश्ये अशी दिसतात, त्याला लॅपटॉप काय करणार?

शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारावा: एवढ्या ठिपक्यांची गरज आहे का? प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ चा असेल, तर फोर-के फाईलमधील बहुतेक ठिपके वायाच जातात. धूसर प्रतीवरून केलेली फोर-के फाईल जड होते, स्पष्ट होत नाही. म्हणून आधी केबल काढावी, मग दर्जा उतरवावा, मग दर तपासावा आणि त्यानंतरच खिशात हात घालावा. यंत्र बदलण्यापूर्वी ते समजून घेण्याला पैसे पडत नाहीत.